डब्यातली उजेडाची कमान: कॉस्टिक वक्र पाडायचा, मोजायचा आणि कागदावर काढायचा कसा

सरळ भिंतीच्या स्टीलच्या भांड्यात तिरपं ऊन पडलं की तळाशी दोन झगझगीत कमानी एका टोकाला येऊन मिळालेल्या दिसतात. हा कॉस्टिक वक्र. विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या सोसायटीतली दोन-तीन मुलं हा प्रयोग घेऊन माझ्याकडे येतात, आणि दरवर्षी चुका त्याच असतात. भांडं चुकीचं, दिवा चुकीचा, आणि काही मोजायच्या आधीच तक्त्यावर ठळक अक्षरात ‘कार्डिऑइड’ (हृदयाच्या आकाराचा एक वक्र) लिहून मोकळे.

मलाही हसायचा हक्क नाही. शाळेत असताना मी हेच केलं होतं. परीक्षकांनी खिशातून पट्टी काढली, टोकाचं अंतर मोजलं आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले.

खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. पहिल्या तीन पायऱ्या कंटाळवाण्या वाटतात, पण प्रयोग फसतो तो तिथेच.

## १. भांडं निवडा

भांड्याच्या दोनच अटी आहेत: आतली भिंत तळाशी काटकोनात उभी हवी आणि वरून पाहिलं तर आतला आकार गोल हवा. बाकी सगळं चालवून घेता येतं.

घरात यासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे मसाल्याच्या डब्यातली छोटी वाटी. साधारण ७ सेंटिमीटर व्यास, उंची बेताची, भिंत बहुतेक वेळा सरळ. हळदीची वाटी मात्र घेऊ नका. कितीही घासली तरी कडेला पिवळी झाक राहते आणि कमान मळकट दिसते. जिऱ्याची किंवा मोहरीची वाटी घ्या. ती नसेल तर केक करणाऱ्यांच्या दुकानात मिळणारी बूड नसलेली स्टीलची रिंग उत्तम. आतून सपाट असलेलं रुंद कडंही चालतं, पण त्याची अडचण तिसऱ्या पायरीत येईल.

पुढची भांडी बाद समजा. पाणी प्यायचा निमुळता पेला: याची भिंत तिरकी असते, त्यामुळे वक्र वेगळाच पडतो. जेवणातली वाटी: भिंत बाहेर फुगलेली. कटिंग चहाचा ग्लास: काचेवर उभ्या धारा असतात, प्रत्येक धार आपली वेगळी कमान पाडते.

तपासणी: कंपासपेटीतला गुण्या वाटीत उभा करा. त्याची कड भिंतीला वरपासून खालपर्यंत टेकली पाहिजे. तळाशी गोलाई असेल तर ती तिसऱ्या पायरीत भरायच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांखाली झाकली जाईल, तिची काळजी नको. जांभळी नाक्याच्या बाजारात भांडं घ्यायला गेलात तर गुण्या खिशात घेऊन जा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

पुसण्याबद्दल एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. भांडं आतून पुसताना फडकं गोल फिरवा, वर-खाली घासू नका. आडव्या चरांवरून उजेड वर-खाली पसरतो, त्याने कमानीचं काही बिघडत नाही. उभे चर पडले तर तो डावी-उजवीकडे पसरतो आणि कमानीची धारच जाते.

## २. उजेड ठरवा

ऊन मिळत असेल तर दुसरं काही शोधू नका. सूर्याचं बिंब आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचं दिसतं. ७ सेंटिमीटरच्या वाटीत त्यामुळे कमानीला येणारा पुसटपणा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकासुद्धा नसतो, आणि किरण समांतर असतात ते वेगळंच.

ट्यूबलाइट पूर्ण बाद. चार फुटी नळी दोन मीटरवरून तीसेक अंश पसरलेली दिसते. नळीचा प्रत्येक तुकडा आपापली कमान पाडतो आणि तळाशी नुसता पांढरा डाग उरतो. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नेमक्या ट्यूबलाइटच असतात. घरी सुंदर दिसलेला प्रयोग तिथे दिसेनासा होतो आणि मुलं रडकुंडीला येतात. स्वतःचा दिवा बरोबर न्या.

तो दिवा म्हणजे मोबाइलचा टॉर्च. त्यात दोन एलईडी असतील तर एकावर काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर कमानी दुहेरी पडतील. टॉर्च किती लांब ठेवायचा? ३.५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वाटीत समांतर किरणांचं टोक समोरच्या भिंतीपासून १.७५ सेंटिमीटरवर पडतं. टॉर्च त्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर ते १.७८ वर जातं. हा फरक पट्टीवर कळणारसुद्धा नाही. पण २० सेंटिमीटरवर आणलात तर ते १.९२ वर सरकतं, म्हणजे जवळपास दोन मिलिमीटरची चूक. तेव्हा मीटरभर अंतर हवंच.

ठाण्यात उन्हाची वेळ कोणती, हे घराच्या दिशेवर आहे. पूर्वेच्या गॅलरीत सकाळी पारसिकच्या डोंगरामागून सूर्य वर आला की दोनेक तासांनी तो क्षितिजापासून २५ ते २८ अंशांवर असतो. ही वेळ उत्तम. पश्चिमेला येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी संध्याकाळवर विसंबू नये, डोंगर ऊन लवकर गिळतो. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा ऊन सरळ तळावर पडतं, भिंतीला लागतच नाही, त्यामुळे कमान पडत नाही. जुलैत तसंही ऊन कुठे असतं म्हणा.

कबुतरांच्या जाळीची चिंता नको. मीटरभर लांब असलेल्या दोऱ्याची सावली विरघळून जाते. ग्रिलची जाड पट्टी मात्र कमानीचा तुकडा खाते, तेव्हा भांडं तिच्या सावलीतून बाजूला घ्या.

सावधान: भांड्यातून उसळलेलं ऊन डोळ्यांत घेऊ नका. चेहरा भांड्यावर नेऊन वाकू नका, बाजूने बघा.

## ३. मोकळ्या भिंतीची उंची जुळवा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि मग विचारतात की “टोक दिसतं पण कमानी कुठे गेल्या?” किंवा याच्या उलट.

मोकळी भिंत म्हणजे ज्या कागदावर कमान पडणार, त्याच्या वर उरलेली भिंत. ती फार उंच असेल तर उजेडाकडच्या बाजूची सावली समोरच्या भिंतीला झाकते. आधी कमानींची टोकं जातात, मग मधला भागही जातो. ती फार ठेंगणी असेल तर भिंतीवर आपटलेला उजेड मधल्या टोकापर्यंत न पोचताच जमिनीला लागतो, आणि टोकाच्या जागी खिंडार दिसतं.

हिशेब सोपा आहे. १० सेंटिमीटरची पेन्सिल उन्हात उभी करा आणि सावली मोजा. मग:

किमान उंची = त्रिज्येची निम्मी × (पेन्सिलची उंची ÷ सावलीची लांबी)

समजा सावली १८ सेंटिमीटर आली आणि वाटीची त्रिज्या ३.५ सेंटिमीटर आहे. १.७५ ला १० ने गुणून १८ ने भागलं की साधारण १ सेंटिमीटर येतो. याच्या खाली गेलात तर टोक नाही. आखणीसाठी याच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे दीड ते दोन सेंटिमीटर भिंत मोकळी ठेवा. पाचपट झाली की टोकही सावलीत गेलं म्हणून समजा.

वाटी साडेतीन सेंटिमीटर उंच असेल तर तळाशी दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या भरा. जुन्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. वरची चकती सपाट बसली पाहिजे, मध्ये फुगवटा नको.

कड्याची अडचण आता लक्षात येईल. त्याची भिंत जेमतेम एक सेंटिमीटर उंच असते. त्रिज्या ३ सेंटिमीटर धरली तर पेन्सिलची सावली निदान तिच्या दीडपट लांब असल्याशिवाय टोक दिसणार नाही. म्हणजे कडं घेतलंत तर फक्त सकाळ-संध्याकाळचं कलतं ऊन चालेल.

तपासणी: गणित नको असेल तर नजरेने बघा. उजेडाकडच्या भिंतीची सावली कागदावर कुठपर्यंत येते? ती अर्ध्या त्रिज्येच्या पुढे गेलेली पण केंद्राच्या पलीकडे न गेलेली असेल तर उंची जमली. वरच्या सूत्रात हीच गोष्ट आकड्यांत सांगितली आहे.

ऊन किती तिरपं आहे याने कमानीचा आकार बदलत नाही, फक्त किती भाग दिसतो ते बदलतं. भिंत उभी असल्यामुळे परावर्तनात किरणाचा आडवा आणि खालचा प्रवास एकमेकांत मिसळत नाहीत. वरून पाहिलं तर सगळं सपाट कागदावर घडावं तसंच घडतं. निमुळता पेला याच कारणाने बाद केला.

## ४. चकती आधी, आखणी नंतर

मुलं आधी कमान गिरवतात आणि मग तिच्याभोवती वर्तुळ आणि केंद्र शोधत बसतात. भांड्याच्या आतून पेन्सिल फिरवून वर्तुळ काढलं तर ते खऱ्यापेक्षा मिलिमीटरभर लहान येतं, कारण शिसं भिंतीला कधीच टेकत नाही. मग सगळी मापं घसरतात. म्हणून क्रम असा ठेवा.

आतला व्यास पट्टीने तीन दिशांनी मोजा. तिन्ही मापं सारखी नसतील तर भांडं चेपलेलं आहे, दुसरं घ्या. त्या व्यासाची पांढऱ्या कागदाची चकती कापा. चकती दोनदा दुमडा: घड्या जिथे छेदतात ते केंद्र, आणि एक घडी ही तुमची उजेडाची रेषा. चकती पुठ्ठ्यावर ठेवा आणि केंद्रावर टाचणी उभी टोचा. आता टाचणीची सावली घडीवर तंतोतंत पडेपर्यंत अख्खं भांडं फिरवा. मग टाचणी काढा आणि आखायला घ्या.

सूर्य साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो. आखणी दोन-तीन मिनिटांत उरका. चहा प्यायला उठलात तर परत टाचणी टोचा.

नेमकी कुठली कड आखायची? कमानीच्या एका बाजूला उजेड झटकन संपतो, दुसऱ्या बाजूला हळूहळू विरतो. केंद्राकडची बाजू झटकन संपते, तीच खरी रेषा. तिथून अलीकडे परावर्तित किरण एकेकटेच येतात आणि पलीकडे, भिंतीच्या बाजूला, एका ठिकाणी तीन-तीन येतात, म्हणून एवढा फरक. पट्ट्याच्या मधोमध पेन्सिल चालवली तर वक्र भिंतीकडे सरकलेला येतो. सलग रेघ ओढू नका. अणकुचीदार पेन्सिलने दहा-बारा टिंबं द्या.

## ५. नाव द्यायच्या आधी मोजा

चकती बाहेर काढा. तीन मापं घ्या. त्रिज्या ३.५ सेंटिमीटर धरून आकडे देतो.

टोक: केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येवर, म्हणजे १.७५ सेंटिमीटर.

कमानीचा सगळ्यात पुढे गेलेला बिंदू: घडीच्या दिशेने केंद्रापासून ०.७१ त्रिज्या, आणि घडीपासून बाजूला ०.३५ त्रिज्या. इथे ते साधारण २.५ आणि १.२ सेंटिमीटर येतात. दोन्ही बाजूंना सारखेच आले पाहिजेत.

कमानींची शेवटं: घडीला केंद्रातून काढलेला लंब परिघाला जिथे भेटतो, त्या दिशेने वळत गेलेली. अगदी परिघापर्यंत ती दिसणार नाहीत.

तिन्ही जमली तर हा नेफ्रॉइडचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराच्या वक्राचा, अर्धा भाग आहे. कार्डिऑइड नाही! कार्डिऑइडचं टोक केंद्रापासून एक तृतीयांश त्रिज्येवर, म्हणजे इथे १.१७ सेंटिमीटरवर पडलं असतं. दोन्हींत जवळपास सहा मिलिमीटरचा फरक आहे, शाळेच्या पट्टीने सहज कळतो. नजरेला मात्र दोन्ही हृदयासारखेच दिसतात, आणि फसगत त्यामुळेच होते.

टोक केंद्राकडे सरकलेलं आलं तर दोन संशयित: दिवा जवळ आहे, किंवा भिंत तिरकी आहे. वर रुंद होत जाणाऱ्या निमुळत्या पेल्यात ऊन त्याच्या तिरक्या भिंतीला समांतर आलं, तर खरोखरच कार्डिऑइड पडतो. डाव्या-उजव्या कमानींची मापं जुळली नाहीत तर घडी उजेडाच्या दिशेत नव्हती.

## ६. कंगव्याची पायरी

बहुतेकांना वाटतं की उजेडाचा किरण या कमानीवरून वळत जातो. काही मुलं तक्त्यावर कमानीला बाणसुद्धा काढतात. किरण कुठेच वळत नाही. प्रत्येक किरण सरळ जातो आणि कमानीला एकदाच स्पर्श करून पुढे निघून जातो. अशा असंख्य सरळ रेषांची दाटी जिथे होते, तिथे आपल्याला वक्र दिसतो.

हे सांगून पटत नाही. मोठ्या दातांचा कंगवा उजेडाकडच्या काठाला टेकवून, दात उभे राहतील असा धरा. तळावर लगेच सुट्या सुट्या रेघा दिसतात, प्रत्येक रेघ कमानीला चाटून जाणारी. मग कंगवा हळूच बाजूला सरकवा. गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरची मुलगी हे करत होती, तेवढ्यात ओरडली, “काका, रेघा पळतायत, पण कमान जागची हलत नाहीये!” तिला याहून जास्त समजावायची गरज पडली नाही.

कंगवा भांड्यापासून वीतभर लांब धरलात तर सूर्याच्या रुंदीमुळे सावल्या पुसट होतात. टेकवूनच धरा.

## ७. कागदावर काढा

आता जे दिसलं ते रेषांनी उभं करायचं. शाळेत शिकवतात ती पद्धत म्हणजे प्रत्येक बिंदूवर स्तंभिका काढून आपतन कोन मोजायचा आणि तेवढाच परावर्तन कोन पलीकडे घ्यायचा. पद्धत बरोबर आहे, पण सत्तर वेळा कोनमापक लावताना हात चुकतोच. शिवाय निम्मी मुलं कोन स्तंभिकेपासून न मोजता भिंतीपासून मोजतात. म्हणून आकड्यांची पद्धत वापरा.

१. ९ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. परिघावर दर ५ अंशांना एक, असे ७२ बिंदू द्या.

२. उजव्या टोकाच्या बिंदूला ७२ म्हणा आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने १, २, ३ असे आकडे घाला. वर १८, डावीकडे ३६, खाली ५४ आला पाहिजे. आला नाही तर पुढे जाऊ नका.

३. प्रत्येक आकड्याची तिप्पट करा आणि त्या दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडा: १ ला ३, २ ला ६, २४ ला ७२. तिप्पट ७२ च्या वर गेली की ७२ वजा करा, गरज पडली तर दोनदा. २५ ची तिप्पट ७५, म्हणून ३ ला जोडा.

४. ३६ आणि ७२ यांची तिप्पट फिरून त्यांच्यावरच येते. तिथे रेषा नाही. ९ आणि २७, १८ आणि ५४, ४५ आणि ६३ या जोड्या दोनदा येतात. चूक झाली असं समजून खोडू नका.

या पद्धतीमागे एवढंच आहे: खालून वर येणारा किरण एका बिंदूपाशी वर्तुळात शिरतो, समोरच्या भिंतीवर आपटतो आणि परावर्तनानंतर परिघावर तेवढंच अंतर पुढे जाऊन लागतो. दोन्ही जीवा सारख्या लांबीच्या असतात, म्हणून तिप्पट.

भांड्यात दिसलेली कमान म्हणजे फक्त १ ते ३५ या बिंदूंच्या रेषा. ३७ ते ७१ यांच्या रेषा दुसऱ्या बाजूने येणाऱ्या उजेडाच्या. त्या वेगळ्या रंगाने काढल्या तर तक्ता बघणाऱ्याला लगेच कळतं.

सावधान: रेषा काढून झाल्यावर त्यांच्या छेदनबिंदूंना जोडत स्केचपेनने वक्र गिरवू नका. छेदनबिंदू वक्रावर नसतात, जवळपास असतात. खरा स्पर्शबिंदू हवा असेल तर प्रत्येक रेषेवर सुरुवातीच्या आकड्यापासून पाव लांबीवर टिंब द्या. १८ ते ५४ ही रेषा १८ सेंटिमीटरची आहे, टिंब ४.५ वर पडतं, आणि ते केंद्रापासूनही ४.५ वर, म्हणजे अर्ध्या त्रिज्येवर. टोक तिथेच!

तिथेच एक जुना घोळही सुटतो. अंतर्वक्र आरशात मुख्य अक्षाला समांतर किरण नाभीतून जातात, हे पाठ असतं, आणि नाभी अर्ध्या त्रिज्येवर. मग सगळे किरण टोकात का मिळत नाहीत? कारण ते वाक्य अक्षाजवळच्या किरणांपुरतंच आहे. अक्षापासून ३० अंशांवर आपटलेला किरण केंद्रापासून ०.५८ त्रिज्येवर अक्ष छेदतो, ४५ अंशांवरचा ०.७१ वर, आणि ६० अंशांवरचा थेट आरशाच्या ध्रुवातून जातो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

## ८. खरा कार्डिऑइड हवा असेल तर

खोलीत अंधार करा. टॉर्च भांड्याच्या काठाच्या बरोबर वर, आत तोंड करून धरा. वरून पाहिलं तर एलईडी परिघावर आला पाहिजे. इथेही भिंत उभीच असल्याने टॉर्चच्या उंचीने आकार बदलत नाही, पण एक अट आहे: एलईडी कागदापासून जितका उंच, त्याच्या निदान पाव उंचीची मोकळी भिंत हवी. दीड सेंटिमीटर भिंत असेल तर एलईडी सहा सेंटिमीटरच्या खालीच ठेवा. मुलं टॉर्च वीतभर वर धरतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात.

कागदावर काढताना तिप्पटऐवजी दुप्पट करा: १ ला २, ३६ ला ७२, ३७ ला २. टिंब पाव लांबीऐवजी एक तृतीयांशावर. एलईडीची जागा म्हणजे ७२ चा बिंदू. टोक त्याच्या विरुद्ध बाजूला, केंद्रापासून एक तृतीयांश त्रिज्येवर.

## ९. पाण्याच्या ग्लासातून पडणारा वक्र

हा अपवर्तनाचा भाऊ, आणि जरा लहरी. सरळ भिंतीचा पातळ काचेचा ग्लास पाण्याने भरा, खाली पांढरा कागद घाला. ग्लासाच्या पलीकडे दोन उजळ रेघा जवळ येत एका टोकाला मिळतात, टोक ग्लासापासून लांब.

पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा, १.३३. किरण आडवे आणि समांतर असतील तर टोक ग्लासाच्या केंद्रापासून दोन त्रिज्यांवर, म्हणजे भिंतीपासून एका त्रिज्येवर पडतं.

परावर्तनात उजेडाची उंची चालून गेली, इथे चालत नाही. तिरपा येणारा किरण पाण्यात जास्त वळल्यासारखा वागतो. सकाळच्या २८ अंशांच्या उन्हात टोक भिंतीपासून ०.७ त्रिज्येवरच पडतं. मुलं ते मोजतात, त्यावरून उलटा हिशेब करतात आणि पाण्याचा अपवर्तनांक १.४१ काढून आणतात. म्हणून इथे ऊन नको. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मीटरभर लांब, कागदापासून १५ ते १८ सेंटिमीटर उंच ठेवा. म्हणजे तिरपेपणा दहा अंशांच्या आत राहतो. दिवा मीटरभरच लांब असल्याने टोक थोडं बाहेर सरकेल: ३.५ सेंटिमीटर त्रिज्येच्या ग्लासात ३.५ ऐवजी ३.९ च्या आसपास. एवढा फरक आला तर प्रयोग बरोबर आहे.

सावधान: गोल बरणी किंवा माशांचं काचेचं भांडं घेऊन हाच प्रयोग उन्हात करू नका. उभा ग्लास उजेड एका दिशेनेच गोळा करतो, गोल भांडं सगळीकडून एका ठिपक्यात आणतं, आणि खालचं वर्तमानपत्र पेटू शकतं. खिडकीत भरलेली गोल बरणी ठेवून बाहेर तर मुळीच जाऊ नका.

## १०. फोटो

आखणीसाठी आणि फोटोसाठी भिंतीची उंची एक नको. फोटोला मोकळी भिंत किमान उंचीच्या तिप्पट ठेवा. उजेडाकडची सावली टोकापर्यंत येते, मागचा कागद काळोखा होतो आणि कमान उठून दिसते. बाजूची शेवटं थोडी कापली जातात, ती जाऊ द्या.

मोबाइल भांड्याच्या बरोबर वर धरला तर त्याचीच सावली पडते. उजेडाच्या विरुद्ध बाजूने, जरा लांबून झूम करा. पडद्यावर कमानीवर बोट टेकवून उजेड खाली ओढा, नाहीतर टोक नुसतं पांढरं फटक येतं. आणि या तिरप्या फोटोवरून मापं काढू नका. त्यात वर्तुळच लंबगोल झालेलं असतं. मापं चकतीवरच्या टिंबांवरून घ्या, आणि ती चकती तक्त्याच्या कोपऱ्यात टाचणीच्या भोकासकट चिकटवा. परीक्षक पट्टी काढतील तेव्हा ती लागेल.